माझी कंबर कधीच दुखत नव्हती

वयाच्या 64 व्या वर्षी कर्करोगामुळे माझी प्रोस्टेट ग्रंथी काढावी लागली. दहाव्या दिवशी कॅथेटर (लघवीची नळी) निघाला आणि त्याच संध्याकाळी खुर्चीतून उठताना लेंगा ओला झाला. डॉक्टरांनी याची कल्पना आधीच दिली होती. ग्रंथीबरोबर मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला आवळणारा स्नायूही बराचसा जातो आणि लघवी धरून ठेवण्याचा भार त्याखालच्या स्नायूवर व ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. या तळाच्या स्नायूंच्या व्यायामासाठी त्यांनी ‘पेल्व्हिक फ्लोअर फिजिओथेरपी’ अशी चिठ्ठी लिहून दिली.

चिठ्ठी घेऊन आम्ही दोघे त्याच रुग्णालयाच्या फिजिओथेरपीच्या खिडकीवर गेलो. खिडकीतल्या मुलीने ती वाचली, माझ्याकडे न पाहता माझ्या पत्नीला म्हटले, “काकू, नाव सांगा.” पेशंट मी आहे असे म्हटल्यावर ती म्हणाली, “काका, हे बायकांचं असतं.” रांगेतल्या आठ-दहा माणसांच्या कानांवर जाईल अशा आवाजात मला माझी अडचण समजावून सांगावी लागली, तेव्हा कळले की हे उपचार प्रसूती विभागाच्या नावावर नोंदवलेले असून ‘पुरुष’ लिहिले की संगणक टोकनच काढत नाही. प्रसूती विभागात गेलो, तर दारावरच्या रखवालदाराने पुरुषांना आत सोडण्याची मुभा नसल्याचे सांगितले. तेथून अस्थिरोग, अस्थिरोगाकडून पुन्हा मूत्ररोग, असे तीन हेलपाटे घालण्यात 19 दिवस गेले आणि दर वेळी खांद्यावरच्या पिशवीत पॅड व जादा पायजमा होताच. अखेर अस्थिरोगाच्या खिडकीवरील बाईंना दया आली. “कंबरदुखी टाकते, म्हणजे टोकन निघेल,” त्या म्हणाल्या. वैतागलेल्या मी मान डोलावली. ही चूक मला पुढे महागात पडली.

प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला यात काहीच वावगे वाटले नाही. गुडघे वाकवून पाठीवर निजवल्यावर माझ्या दोन चुका तिने लगेच पकडल्या: मी नितंब आवळत होतो आणि श्वास रोखून धरत होतो. लघवीची धार मध्येच थांबवतो आहोत अशी केवळ कल्पना करायची. रोज लघवी करताना खरोखर थांबवत बसू नये, कारण मूत्राशय नीट रिकामे होत नाही. पाच सेकंद आवळणे, तितकेच सैल सोडणे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढे पाचाचे दहा सेकंद. खोकण्यापूर्वी आणि उठण्यापूर्वी आधी आवळून घ्यायचे, हे मला सर्वांत उपयोगी पडले. योगवर्गातले मित्र म्हणाले, हा तर मूलबंधच; असेल, पण वर्षानुवर्षे मी मूलबंधाच्या नावाने नितंबच आवळत आलो होतो.

हे व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घ्यावेत, हे मला उशिरा कळले. ज्यांना गळती नसून ओटीपोटाच्या तळाशी सतत दुखते, त्यांचे स्नायू पुष्कळदा आधीच ताठरलेले असतात. त्यांनी व्हिडिओ पाहून आवळत बसू नये, त्यांना सैल सोडायला शिकवतात.

प्रगती मोजण्यासाठी पत्नीने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यासारखाच एक वेगळा काटा आणला. ओल्या पॅडच्या वजनातून कोरड्याचे वजा केले की ग्रॅममागे साधारण एक मिलिलिटर गळती. पहिल्या आठवड्यात दिवसाला 310 ग्रॅम भरले, तिसऱ्या महिन्याअखेर 20.

माझ्या मेडिक्लेममध्ये रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या 60 दिवसांचा खर्च मिळतो, म्हणून बिले पाठवली. ती परत आली: कंबरदुखीचा मूळ आजाराशी संबंध नाही! शल्यविशारदाचे पत्र जोडून, दोन महिने पाठपुरावा केल्यावर रक्कम जमा झाली. तेव्हा चिठ्ठीवर ‘प्रोस्टेट शस्त्रक्रियेनंतरची लघवीची गळती’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि केसपेपरवर दुसरे काही घालू देऊ नये, मग टोकन निघायला आणखी आठवडा लागला तरी चालेल.

शेवटच्या दिवशी अस्थिरोगाच्या त्या बाई जिन्यात भेटल्या आणि आपुलकीने म्हणाल्या, “काय काका, कंबर कशी आहे आता?”

“बरी आहे,” मी म्हणालो.