हाड जुळलं, हात नाही

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आमच्याकडे येणाऱ्या केसेस बहुतेक बोटांच्याच. त्या दिवशी सकाळी आलेला कामगार टॉवेलच्या कारखान्यातला, पस्तिशीचा. उजव्या हाताची मधली दोन बोटं मागाच्या गिअरमध्ये चेंगरलेली, आणि हाताला गुंडाळलेला टॉवेलही त्याच मागावरचा. मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनआधी माझा प्रश्न ठरलेला असतो : किती दुखतंय, कधीपासून?

"तिथं कायच वाटलं नाय ओ मॅडम. माग बंद केला, जॉबरला हाक मारली, चालत गेटपर्यंत आलो. रिक्षात बसून टॉवेल काढून बघितलं आन् मग सुरू झालं."

हे ऐकून कुणाला वाटेल गडी फुशारकी मारतोय. पण हे जुनं निरीक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी जवानांना विचारत असे, वेदनेवर औषध हवंय का? गंभीर जखमींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. त्याचा लेख 1946 सालचा. जिवावर बेतलेलं असताना मेंदू खाली मज्जारज्जूकडे उलटे निरोप धाडतो आणि जखमेकडून वर येणारे संदेश तिथेच अडवतो. गेटपर्यंत चालायचं होतं तोवर या माणसाच्या मेंदूनं ते अडवून धरले. रिक्षात बसल्यावर सोडून दिले.

त्याला खांद्याजवळ ब्लॉक, म्हणजे नुसता हात बधिर करणारं इंजेक्शन, दिला. सोनोग्राफीच्या पडद्यावर गळपट्टीच्या हाडाच्या वर हाताच्या सगळ्या नसा द्राक्षांच्या घोसासारख्या एकत्र दिसतात. सुईचं टोक घोसाशेजारी नेऊन औषध सोडलं की पंधरा-वीस मिनिटांत हात बधिर. सिस्टरनं स्वच्छ करायला त्याचा हात उंच धरला होता आणि हा डोळे मिटून म्हणतोय, "मॅडम, हात छातीवरच हाय ना माझा?" डोळे उघडून हात वर लोंबताना बघितला तेव्हा दचकला. हे नेहमीचंच आहे. नसांकडून बातमी येणं थांबलं की मेंदू हाताची स्वतःची एक जागा धरून बसतो. मला मात्र दर वेळी त्याची गंमत वाटते.

बोटं वाचली. एकाचं टोक गेलं.

नातेवाइकांना सांगायला बाहेर आले. बाकावर त्याची बायको आणि आई. घर विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतलं. दोघी विड्या वळणाऱ्या. मी बोलत होते सुनेशी, पण लक्ष गेलं सासूबाईंकडे. कॉरिडॉरचा पंखा फिरून त्यांच्या बाजूला आला की त्या उजवा हात पदराआड घेत आणि वारा पुढे सरकला की पदरही हाताला लागू नये म्हणून तो बाजूला धरत. मे महिना, सोलापूरचं ऊन. माणसं पंख्याखालची जागा शोधत होती आणि ही बाई पंख्याला चुकवत होती.

"अम्मा, हाताला काय झालंय?"

"माझं ऱ्हाऊ द्या ओ मॅडम. पोराचं बगा."

सून म्हणाली, "दोन वर्सं झाली. न्हाणीत पडल्या, मनगट मोडलं. प्लास्टर काढलं, एक्स-रे चांगला आला. हाड जुळलंय म्हणतात समदे. तरी ह्यांचं दुखालंयच. एका ठिकाणी तर टेन्शनची गोळी दिली."

अम्मा सुनेकडं न बघता म्हणाल्या, "हाड जुळलं आसंल. हात कुटं जुळला?"

मी त्यांना ओपीडीत नेलं. उजवा हात डाव्यापेक्षा किंचित सुजलेला, कातडी तुकतुकीत आणि लालसर-जांभळी, स्पर्शाला वेगळी ऊब, तळव्याला घाम. बोटं पूर्ण मिटत नव्हती. कापसाचा बोळा डाव्या हातावरून फिरवला तर त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. उजव्यावर नुसता टेकवला आणि त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. या आजाराला कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम म्हणतात. बायकांमध्ये जास्त, हातात जास्त, आणि मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर तर ओळखीचा पाहुणा. निदानाला एमआरआय लागत नाही. बुडापेस्ट निकष म्हणून ओळखली जाणारी यादी आहे. त्यात प्रश्न विचारायचे आणि हात नीट बघायचा, एवढंच. अम्मांच्या फायलीत एक्स-रे चार होते, पण दोन्ही हात शेजारी ठेवून कुणी बघितल्याची एका ओळीचीही नोंद नव्हती.

मग मी त्यांना मोबाइलवर हातांचे फोटो दाखवले. वेगवेगळ्या कोनांतले, मुठी, उलटे पंजे. फोटोतला हात डावा की उजवा, एवढंच सांगायचं. डावे हात अम्मांनी पटापट सांगितले. उजवा आला की थांबायच्या. स्वतःचा हात मांडीवर जरासा हलवून बघायच्या, मग सांगायच्या, कधी चुकायच्या. ज्या बाईनं जन्मभर सुपाकडं न बघता, शेजारणीशी बोलत बोलत पान कापून, तंबाखू भरून, वळून, दोरा बांधला, तिला उजवा हात ओळखता येईना. सून तोंडाला पदर लावून बघत राहिली.

लोरिमर मोझली या ऑस्ट्रेलियन संशोधकानं 2004 साली या आजारात हे मोजून दाखवलं : दुखऱ्या बाजूचा हात ओळखायला वेळ जास्त लागतो. मेंदूतला हाताचा नकाशा आक्रसतो, असं सुरुवातीच्या काही स्कॅनमध्ये दिसलं होतं. नंतरच्या काहींमध्ये तसं सापडलं नाही, वाद चालू आहे. शिवाय नुसत्या फोटोंवरून निदान करायचं नसतं. मी ते केलं सुनेसाठी. सासू सोंग करत नाही हे तिला डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

अम्मांना मी समजावलं ते असं. हाड जुळलंय हे खरं, आणि दुखतंय हेही तितकंच खरं. सुरुवातीला जखमेकडून संदेशांचा इतका मारा झाला की मज्जारज्जूतल्या पेशी संवेदनशील झाल्या आणि तशाच राहिल्या. आता साधा वारा लागला तरी त्या तो दुखणं म्हणून वर पाठवतात. हे क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 सालीच उंदरांवर दाखवलं होतं. आयसीडी-11 ही आजारांची जागतिक यादी जानेवारी 2022 पासून लागू झाली; तिच्यात दीर्घकालीन वेदनेला स्वतःचं घर मिळालं आणि अम्मांचा हा आजार त्याच घरात नोंदलेला आहे. म्हणजे कागदोपत्रीसुद्धा तो 'टेन्शन' नाही. (अम्मांना यातलं उंदीर आणि वारा तेवढं पटलं.)

आमचा ज्युनिअर हुशार आहे, पण नव्या औषधाच्या बातमीनं लगेच हुरळतो. म्हणाला, "मॅडम, ते सुझेट्रिजिन?" अमेरिकेत 30 जानेवारी 2025 ला मंजूर झालेलं हे औषध नसांमधला नेव्ह 1.8 हा सोडियमचा दरवाजा बंद करतं. संदेश वर चढायच्या आत अडतो आणि अफूवर्गीय औषधांसारखी चटक लागण्याची भीती नाही. बातमी मोठीच आहे. पण मंजुरी आहे ती तीव्र, ताज्या वेदनेसाठी. सायटिकाच्या जुन्या दुखण्यावरच्या चाचणीत औषध घेतलेल्यांना जेवढा आराम पडला, जवळजवळ तेवढाच खोट्या गोळीनंही पडला. आत असलेल्या मुलासाठी ते उद्या कामाचं ठरेल. आईसाठी ठरेलच असं मला वाटत नाही.

आईला दिलं ते फारच साधं. रात्री अमिट्रिप्टिलिन या नसांच्या दुखण्यावर देतात त्या जुन्या औषधाचा छोटा डोस. फिजिओथेरपिस्टकडे आधी फोटो ओळखायचा सराव, मग हात न हलवता मनातल्या मनात हलवायचा, आणि मगच आरसा. आरशात डाव्याचं प्रतिबिंब उजव्यासारखं हलताना बघायचं. हा क्रमही मोझलीचाच. मूळ अभ्यास अगदी लहान होता, पण मनगट मोडून दुखणं जुनं झालेल्या रुग्णांवरच केलेला. थेट आरशाला बसवलं तर काहींचं दुखणं वाढतं. मनातल्या मनात काय हलवू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विडी वळा.

निघताना अम्मा दाराशी थांबल्या. "ह्याचं पण आसंच होईल का ओ?"

प्रश्न बरोबर होता. मनगट मोडलेल्यांत पहिल्या आठवड्यात दुखणं दहापैकी पाच किंवा त्याहून जास्त राहिलं तर हा आजार जडायचा धोका वाढतो, असं 2014 च्या एका अभ्यासात दिसलं. त्यांना विचारलं, तुमच्या पहिल्या आठवड्यात कसं होतं? "झोपच नव्हती," त्या म्हणाल्या. "पण पोट बिघडंल म्हणून गोळ्या घेतल्या नव्हत्या."

संध्याकाळी ब्लॉक उतरायच्या आधीच मुलाच्या गोळ्या सुरू केल्या. तो तयार नव्हता. दुखत नाही तर गोळी कशाला, कमी खाल्लेली बरी. त्याला ब्लॉक उतरल्यावर काय होतं ते सांगायला मी तोंड उघडणार, तोवर अम्मा डाव्या हातानं पाण्याचा ग्लास पुढे करून तेलुगूत त्याला काहीतरी बोलल्या. माझं तेलुगू कामचलाऊ आहे, पण सूर समजायला भाषा लागत नाही. त्यानं गोळी घेतली. पुढच्या गोळीची वेळ अम्मांनी सिस्टरकडून दोनदा विचारून घेतली.

टाके काढायला आला तेव्हा मुलाचा हात ठीक होता. अम्मांचं अजून चालू आहे. वारा सहन होतो, पदर होतो, थंड पाणी होत नाही. नातवाच्या मोबाइलवर फोटो ओळखण्यात आता त्या नातवाला हरवतात. अलीकडे थोड्या विड्या वळायला लागल्यात, पण कारखान्यात छाट (नापास केलेल्या विड्या) फार निघते, आणि त्या छाटेवरून सुनेशी रोज वाद होतात.