गाइडमधल्या एका वाक्याने खाल्लेल्या तीन संध्याकाळी

एम.ए.च्या अमेरिकेच्या इतिहासाचा बाकी भाग दोन रात्रींत उरकला. लेव्हिटटाउन या उपनगरातली एकसारखी घरं, कम्युनिस्टांच्या मागे लागलेला सिनेटर मॅकार्थी, टीव्ही; वाचलं की राहतंच लक्षात. मी अडकले ती ब्राउन खटल्यावर, म्हणजे गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलेल्या खटल्यावर.

माझ्या गाइडात छापलं होतं, १९५४च्या निकालाने शाळांतला वंशभेद संपला. पान उलटलं तर १९५७, दक्षिणेतलं लिटल रॉक शहर, नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत पोचवायला लष्कर! अहो, संपला होता ना भेद? तीन संध्याकाळी मी त्या दोन पानांवर पेन्सिल आपटत बसले. नवरा म्हणाला, "ऑप्शनला टाक." टाकलं नाही. चिडले होते.

कोडं सुटलं ते व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीमुळे. डांबरी कागदाच्या खोपटांत वर्ग भरतात म्हणून १९५१मध्ये तिथल्या बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने शाळेत संप घडवला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राउनमध्येच जोडला गेला. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, पण शाळा एकत्र कधी करायच्या ते सांगितलंच नाही. १९५५च्या दुसऱ्या निकालातही तारीख नाही. तारीख नसलेल्या आदेशाचं काय होतं, हे बारा वर्षं आवक-जावक सांभाळणाऱ्या मला तरी लगेच कळायला हवं होतं! काउंटीने १९५९मध्ये सरकारी शाळांना चक्क कुलूप ठोकलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांनी काय करायचं? कुलूप निघालं १९६४मध्ये. त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्यांचा केंद्राचा पैसा अडवायची सोय झाली, तेव्हा कुठे दक्षिणेतल्या शाळा हलू लागल्या.

म्हणून सांगते, नुसती सनावळी घोकू नका. प्रत्येक निकालापुढे 'अंमल कोणी केला?' एवढं पेन्सिलीने लिहा.

हो, आणि जी.आय. बिल, म्हणजे युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाला, घराला मदत देणारा कायदा, १९४४चं. 'युद्धोत्तर' म्हणून मी सराव पेपरात ४६ ठोकलं होतं. १९६५चे दोन कायदेही वेगळे ठेवा: एक मताधिकाराचा, दुसरा स्थलांतराचा. दुसरा मी मामामुळे विसरत नाही. त्याच कायद्याने उघडलेल्या दारातून तो न्यू जर्सीला गेला.

परीक्षेत प्रश्न आला उपनगरांवर. लेव्हिटटाउनमध्ये काळ्यांना घर विकत नसत, तो धागा धरून शेवटच्या चार ओळींत मी प्रिन्स एडवर्ड घुसडलंच.