सागरतळाच्या चिकणमातीतला मिथेन आणि भेगेत भरायचे साहित्य

मिथेन हायड्रेट म्हणजे थंडी आणि दाबाखाली पाण्याच्या बर्फासारख्या जाळीत अडकलेला मिथेन वायू. ते एक घनमीटर वितळले की सुमारे १६४ घनमीटर वायू आणि ०.८ घनमीटर पाणी मिळते, हा आकडा या विषयावरच्या बहुतेक लेखांत येतो. तो खराही आहे. पण हा वायू विहिरीपर्यंत कोणत्या वाटेने येणार, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. दक्षिण चीन समुद्रातल्या शेन्हू भागात चीनने २०१७ साली ६० दिवस चाचणी घेतली, तेव्हा सुमारे ३ लाख ९ हजार घनमीटर वायू मिळाला. २०२० मध्ये आडव्या विहिरीतून ३० दिवसांत ८ लाख ६१ हजार घनमीटरपर्यंत मजल गेली, तरी व्यापारी उत्पादन अजून दूरच आहे, कारण तिथला थर बारीक गाळाचा व चिकणमातीचा असून त्यातून वायू फारच सावकाश झिरपतो.

म्हणून जास्त दाबाने द्रव सोडून थरात भेगा पाडण्याचा विचार पुढे आला. मात्र शेल या जमिनीखालच्या घट्ट, वायू धरून ठेवणाऱ्या खडकासाठी रुळलेली सामग्री इथे जशीच्या तशी चालत नाही. शेलमध्ये भेग उघडी राहावी म्हणून वाळूचे किंवा सिरॅमिकचे दाणे भरतात. मऊ चिकणमातीत ते दाणे भिंतींत रुततात. शिवाय इथे मातीचे कण बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे हायड्रेटच असल्यामुळे, वायू सुटू लागतो नेमक्या त्याच वेळी थराची ताकद जाते आणि भेग मिटू लागते.

द्रवाचीही अडचण आहे. शेलच्या कामात पाणी घट्ट करायला गवारीच्या बियांचा डिंक वापरतात (राजस्थानातल्या गवारीला २०१२ च्या सुमारास आलेला भाव याच मागणीचा होता) आणि काम झाल्यावर तो डिंक रसायनांनी पातळ करतात. पण ती रसायने उष्णता असली तरच झपाट्याने काम करतात. दहा-पंधरा अंशांच्या थरात ती मंदावतात आणि उरलेला डिंक वाटच अडवतो. नुसते गोडे पाणी सोडले तर चिकणमाती फुगते. पोटॅशियम क्लोराइडने ही फुगवट आवरते आणि सुटलेल्या वायूचे पुन्हा हायड्रेट होणेही काही प्रमाणात रोखले जाते, म्हणून ते मला या द्रवात आवश्यकच वाटते.

चिनी संशोधकांनी सुचवलेला कळीच्या चुन्याचा मार्ग मला विशेष लक्षवेधी वाटतो. थरात सोडलेला हा चुना तिथल्या पाण्याशी संयोग पावताना किलोमागे सुमारे १,१६० किलोज्यूल उष्णता देतो, तर एक मोल (सुमारे १६ ग्रॅम) मिथेन हायड्रेटमधून सोडवायला साधारण ५४ किलोज्यूल लागतात. आजूबाजूची माती तापवण्यात काहीच उष्णता गेली नाही असे धरले, तर एका किलोत जवळपास अडीच किलो हायड्रेट वितळेल. प्रत्यक्षात हा आकडा बराच खाली येईल, पण हायड्रेट वितळताना थर थंड पडून वायू मंदावतो, त्यावर हा थेट उपाय आहे.

तरीही माझा कल सच्छिद्र ग्राउटकडे, म्हणजे भेगेत दाबाने भरून घट्ट होणाऱ्या सिमेंटसारख्या पातळ मिश्रणाकडे आहे. धरणाच्या पायात ग्राउट भरतात ते खडकातल्या भेगा बुजवून पाणी थांबवण्यासाठी. इथे दाबाने भेग पाडणारे ग्राउटच तिच्यात फेसाळ अवस्थेत घट्ट व्हायचे आणि वायूला वाट देणारा कायमचा सांगाडा बनायचे. खोल समुद्रातल्या विहिरींच्या बांधणीत सिमेंटची उष्णता हायड्रेट वितळवते म्हणून कमी उष्णतेचे सिमेंट निवडतात. या कामात तीच उष्णता उपयोगाची ठरते.

आपल्याकडे हा प्रश्न बंगालच्या उपसागरातल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्याशी जोडलेला आहे. २००६ च्या मोहिमेत तिथे चिकणमातीतल्या नैसर्गिक भेगांमध्ये भरलेला सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेट-थर सापडला, तर २०१५ च्या मोहिमेत वाळूचे थरही हाती लागले. पहिली उत्पादन चाचणी वाळूतच व्हावी, कारण तिथे वायूला वाट आधीच आहे. पण चिकणमातीतला साठा सोडून द्यायचा नसेल, तर ग्राउटचे प्रयोग आतापासूनच हाती घ्यायला हवेत. ते साध्या हवेच्या दाबाखाली करून भागणार नाही. सव्वा किलोमीटर पाण्याखाली आणि त्याखालच्या दोनशे मीटर गाळात दाब वातावरणाच्या सुमारे १४० पट असतो, त्यामुळे जमिनीवर तयार केलेल्या फेसातला बुडबुडा तिथे पोहोचेपर्यंत जवळजवळ नाहीसा होतो. कार्बन डायऑक्साइडचा फेस घेतला, तर त्या थंडीत तो वायू स्वतःच हायड्रेट बनू शकतो. बुडबुडे थरातच निर्माण करणारे आणि थंडीतही वेळेत घट्ट होणारे मिश्रण हवे, आणि त्याची पारगम्यता, म्हणजे त्यातून वायू किती सहज वाहतो ते, त्याच दाबाखाली, खाऱ्या पाण्यात मोजायला हवी.