सरताज गीतांची सलग चार वर्षे

हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी लावणारा रेडिओवरील कार्यक्रम बिनाका गीतमाला, त्याच्या वार्षिक याद्या मी अधूनमधून वाचत असतो आणि दर वेळी माझी नजर 1967 ते 1970 या चार वर्षांवर स्थिरावते. या चारही वर्षांत अव्वल ठरलेले, म्हणजे ‘सरताज’, गीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी स्वरबद्ध केलेले होते आणि चारही गीतांत लता मंगेशकरांचा आवाज होता. संगीतकारांपैकी सलग चार वर्षांचा असा मान गीतमालेच्या इतिहासात दुसऱ्या कोणालाही मिळाला नाही.

या मानाचे मोल कळण्यासाठी गीतमालेचे स्थान लक्षात घ्यावे लागते. बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे 1952च्या डिसेंबरात सुरू झालेला हा कार्यक्रम अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रित करीत. बुधवारी रात्री आठला घरोघरी तो ऐकला जाई. ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोता संघांची पसंती यांवरून गीतांच्या ‘पायदाना’, म्हणजे क्रमवारीतील पायऱ्या, ठरत. एखादे गीत काही आठवडे वर राहणे तुलनेने सोपे होते, परंतु वर्षाच्या हिशेबात पहिले येण्यासाठी त्याला दीर्घकाळ लोकांच्या मनात टिकावे लागे.

शंकर-जयकिशन यांच्यासारखी बलाढ्य जोडीही 1961, 1962, 1964 आणि 1966 अशी चार वर्षे अव्वल आली, पण 1963 साली रोशन आणि 1965 साली कल्याणजी-आनंदजी मध्ये आलेच. सचिनदेव बर्मन 1958 आणि 1959 अशी दोन वर्षे ओळीने पहिले होते. या पार्श्वभूमीवर, 1963च्या ‘पारसमणि’पासून स्वतंत्रपणे काम करू लागलेल्या दोन तरुणांनी अवघ्या चार वर्षांत ही मालिका सुरू करावी, हे मला विलक्षण वाटते. मेंडोलिन वाजवणारे लक्ष्मीकांत कुडाळकर आणि गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल शर्मा हे दोघेही इतर संगीतकारांच्या वाद्यवृंदांत वाजवून तयार झाले होते. अनेकांची शैली त्यांनी आतून पाहिली होती, आणि माझ्या मते त्यांचे यश तेथूनच सुरू होते.

कारण ही चार गीते एकमेकांसारखी मुळीच नाहीत. ‘मिलन’मधील ‘सावन का महीना’ हे मुकेश यांच्यासोबतचे, लोकगीताच्या वळणाचे द्वंद्वगीत आहे, तर ‘शागिर्द’मधील ‘दिल विल प्यार व्यार’ खट्याळ आणि चपळ आहे. ‘शागिर्द’ 1967 साली प्रदर्शित झाला, परंतु त्याचे गीत 1968 साली सरताज ठरले. 1969च्या ‘इंतकाम’मधील ‘कैसे रहूँ चुप’ मला सर्वांत धाडसाचे वाटते. नशेत असल्याचा आविर्भाव असलेले गीत लताबाईंकडून गाऊन घेणे हाच मुळात धोका होता, आणि त्यांनी ते सुरांची मर्यादा किंचितही न सोडता गायिले. ‘दो रास्ते’मधील ‘बिंदिया चमकेगी’ची पंजाबी ठेक्यावरची चाल पुन्हा पूर्णपणे वेगळी. आनंद बक्षी पहिल्या आणि चौथ्या गीताचे कवी, मधली दोन गीते अनुक्रमे मजरूह सुलतानपुरी आणि राजेंद्र कृष्ण यांची. नायिकाही चार वेगळ्या: नूतन, सायरा बानू, साधना आणि मुमताज.

म्हणजे चित्रपट, कवी आणि पडद्यावरचा चेहरा बदलत राहिला आणि संगीतकार व गायिका तेवढे कायम राहिले. म्हणूनच या यशाचे श्रेय प्रामुख्याने चाल, वाद्यमेळ आणि गायनाला द्यावे लागते, असे मी मानतो. शेवटचे वर्ष तर विशेष कठीण होते, कारण 1969च्या अखेरीस आलेल्या ‘आराधना’ने किशोरकुमार यांच्या आवाजाची मोठी लाट आणली होती, तरीही 1970 साली पहिले गीत लताबाईंचेच राहिले. त्या लाटेने वार्षिक यादीचे शिखर गाठले ते 1971 साली, ‘अंदाज’मधील ‘जिंदगी एक सफर है सुहाना’ या किशोरकुमारांच्या गीताने, आणि त्याचे संगीतकार पुन्हा शंकर-जयकिशन होते.