पानगळीतले धबधबे: शटर किती वेळ उघडं ठेवायचं?

या मोसमात एकच गोष्ट मनाशी धरून चालायला निघाले होते: धबधब्याचं पाणी दुधाळ होऊ द्यायचं नाही. लांब एक्सपोजरची हौस बरीच भागवून झाली आहे. पाच-दहा सेकंद शटर उघडं ठेवलं की सगळे धबधबे सारखेच दिसायला लागतात. मधे पांढरा धूसर पट्टा, बाजूला काळे खडक. पाणी कातळावर कुठे फुटतं, कुठे पातळ होऊन उतरतं, कुठे दोन धारा एकमेकींना छेदतात, हे सगळं पुसलं जातं. मग एवढं चढून नेमक्या त्याच धबधब्यापाशी जायचं तरी कशाला?

म्हणून या वेळी सगळा भर १/८ ते १/२ सेकंद या पट्ट्यावर होता. त्यामागचं गणित साधं आहे. पाच मीटरवरून पडणारं पाणी तळाशी पोचेपर्यंत सेकंदाला साधारण १० मीटरचा वेग घेतं. म्हणजे १/४ सेकंदात तळाजवळचं पाणी अडीच मीटर सरकतं, जवळजवळ अर्ध्या धबधब्याइतकं. माथ्यावर, जिथे ते नुकतंच कड्यावरून सुटलेलं असतं, तिथे मात्र त्याचा वेग फारच कमी असतो. एकाच फोटोत वरचं पाणी आकार धरून राहतं आणि खालचं विरघळतं, ते यामुळे. हे लक्षात आल्यापासून मी शटर तळाकडे बघून ठरवते. तळाशी धारा सुट्या दिसल्या की माथ्याची काळजी करावी लागत नाही.

अर्थात मोजायचा तो फ्रेममधला वेग. उंच धबधबा लांबून टिपला तर पाणी खूप जोरात पडत असूनही फ्रेममध्ये हळूच सरकतं, तिथे १/२ सेकंदही चालून जातो. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा छोटा ओघ हातभर अंतरावरून टिपायचा असेल तर १/८ सुद्धा कधीकधी जास्त होतं. ‘धबधब्याला एक सेकंद’ हा ठोकताळा इतका पसरलाय, पण मला तो आता पटत नाही.

गंमत म्हणजे या पट्ट्यासाठी एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काळसर काच) बहुतेक वेळा लागतच नाही. ढगाळ दिवशी झाडीतल्या सावलीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/११ ठेवलं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) की शटर आपोआप १/८ च्या आसपास येतं. वर पोलरायझर (चमक काढणारा, रिंगेने फिरवायचा फिल्टर) लावला, तो दीडेक स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), की झालं १/३. आणखी वेळ हवा म्हणून एफ/२२ वर जायचा मोह मात्र टाळावा. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश विखुरतो आणि पानांच्या शिरा मऊ पडतात. त्यापेक्षा हलका एनडी बरा.

पोलरायझरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पानगळीच्या फोटोत अर्धं काम तोच करतो. ओल्या पानावर आभाळाची पांढरट चमक बसलेली असते, तिच्याखाली पानाचा खरा रंग दबून जातो. रिंग फिरवली की ती चमक उतरते आणि खालून गडद पिवळा, तांबूस रंग वर येतो. ओल्या खडकांचंही तसंच. पाण्याच्या पृष्ठभागावरची चमक सगळ्यात जास्त उतरते ती पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं तर. म्हणून ट्रायपॉड पार जमिनीलगत बसवला की पोलरायझर तितकासा चालत नाही. थोडं वर उचलून कॅमेरा खाली झुकवला की लगेच फरक दिसतो.

पण रिंग शेवटपर्यंत फिरवायची नाही, असं माझं मत झालंय. ओल्या कातळावरची सगळी चमक काढून टाकली तर त्याचा उठाव जातो, नुसता काळा डाग उरतो. मी आधी पूर्ण परिणामापर्यंत जाते आणि मग किंचित मागे येते. डोहात झाडांचं सोनेरी प्रतिबिंब पडलेलं असेल तर उलटाच प्रश्न. पोलरायझर ते प्रतिबिंबच खाऊन टाकतो. तिथे रिंग पूर्ण उलट नेली आणि तळातले गोटे सोडून दिले.

रंगांविषयी एक उपयोगाची गोष्ट. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवं द्रव्य मोडलं की तो उघडा पडतो. लाल मात्र बहुतेक झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होतो आणि त्याला ऊन लागतं. त्यामुळे घळीच्या आत, धबधब्याशेजारी, पिवळंच जास्त सापडतं. लाल हवा असेल तर उन्हाकडच्या काठावर, झाडांच्या शेंड्यांकडे बघायचं. जागा आधी हेरताना याचा चांगला उपयोग झाला. आणि लाल पानं फ्रेममध्ये असली की साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पुरत नाही. लाल चॅनल एकटाच कापला जातो, म्हणजे लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला अडकते, आणि पानं सपाट डागासारखी दिसतात. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून ठेवलेला बरा. पाण्याचा पांढरा भाग वाचवायला तसंही दोन-तृतीयांश स्टॉप खाली यावंच लागतं.

व्हाइट बॅलन्स (रंगांची ऊब-थंडी ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवत नाही. सगळीकडे पिवळं दिसलं की कॅमेरा त्यावर उतारा म्हणून निळं ओततो आणि पानगळीची ऊबच जाते. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) नंतर बदलता येतं हे खरं, पण मागच्या पडद्यावर चुकीचा रंग दिसला की जागेवरचे निर्णयही चुकतात. ५५०० केल्विनवर, म्हणजे साधारण दिवसाच्या उजेडावर, पक्कं करून टाकते. सावलीतलं पाणी त्यात थोडं निळसर येतं, ते तसंच राहू देते.

आता या वेळची खरी डोकेदुखी: हलणारी पानं. पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा ओढून आणतं, त्यामुळे इतरत्र वारा पडलेला असला तरी धबधब्याच्या तळाशी फांद्या थरथरतच असतात. १/३ सेकंदात पाणी सुरेख येतं आणि शेजारच्या फांदीचा पिवळा चिखल होतो. वाट बघून काही होत नाही, कारण हा वारा थांबणारा नाहीच. उपाय म्हणजे दोन फोटो. पहिला पाण्यासाठी, आयएसओ १००, १/४ सेकंद. कॅमेरा जराही न हलवता दुसरा पानांसाठी, आयएसओ १६००, १/६० सेकंद. अपर्चर आणि फोकस तेच, म्हणून दोन्ही एकमेकांवर नीट बसतात. मग संगणकावर मास्क लावून (म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग दिसू देऊन) पहिल्यावर दुसऱ्यातली पानं ठेवायची. मास्कची कड पाण्यावरून न नेता खडकावरून न्यावी, तिथे जोड दिसत नाही. आयएसओ १६०० चा दाणा पानांच्या गर्दीत लपून जातो.

एनडी ६४ (प्रकाश ६४ पट कमी करणारा) बाहेर काढला तो फक्त डोहासाठी. धबधब्याच्या बाजूला जिथे पाणी गोल फिरत राहतं तिथे गळलेली पानं आणि फेस अडकून चकरा मारत असतात. डोळ्यांना ती नुसती इकडेतिकडे भटकताना दिसतात. सहा स्टॉप घालवले की १/३ चे साधारण २० सेकंद होतात आणि त्याच पानांच्या वर्तुळाकार रेघा उमटतात. इथे लांब एक्सपोजर काही पुसत नाही, उलट न दिसणारं दाखवतो, म्हणून इथे त्याला माफी. काठाला चिकटलेलं एखादं स्थिर पान फ्रेममध्ये असलं की फिरणं आणखी उठून दिसतं.

त्यावरून आठवलं. खडकावर मधोमध एकच लाल पान, पाठीमागे धबधबा, असे फोटो तुम्हीही पाहिले असतील. ते पान तिथे आपोआप पडलेलं असतं यावर माझा फारसा विश्वास नाही. मी पानं आणून ठेवत नाही. आडवी आलेली वाळकी काटकी मात्र उचलते, आणि हा दुटप्पीपणा आहे असं सोबतचे म्हणतात. म्हणोत.

इंद्रधनुष्यही टिपलं. सूर्य बरोबर पाठीमागे हवा, आणि आपल्या डोक्याच्या सावलीपासून ४२ अंशांवर, तुषारांत, ते शोधायचं. या मोसमात ऊन तिरपं असतं, त्यामुळे संधी जास्त वेळ मिळते. पोलरायझर लावलेला असेल तर डोळा लावून हळू फिरवा. एका बाजूला धनुष्य उजळतं, ९० अंश पुढे गेलं की साफ गायब होतं.

बाकी किरकोळ. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात ठेवले तर कंप येतो, दगडावर टेकवावेत. मधला दांडा खालीच असू द्या, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. तुषार लेन्सवर येतात, म्हणून झाकण शेवटच्या क्षणी काढायचं आणि दर फोटोनंतर पुसायचं. ओल्या कातळावरचा पाचोळा शेवाळापेक्षा निसरडा असतो, कारण खालचं शेवाळ दिसतच नाही. थंडीत बॅटरी लवकर बसते, जादाची आतल्या खिशात ठेवा.

पुढच्या फेरीत वाइड लेन्स घरीच ठेवायचा विचार आहे. ७०–२०० मिमीची टेलीलेन्स (लांबचं जवळ आणणारी) नेऊन धबधब्याचे फक्त तुकडे टिपायचे: कड्याची धार, पाणी फुटतं तो एक दगड. टेलीवर फ्रेममधला वेग वाढणार, म्हणजे १/८ सुद्धा लांब पडेल असं वाटतंय. सुरुवात १/३० पासून करणार आहे. कुणी ही आकडेमोड आधी करून पाहिली असेल तर तुमची शटरं कळवा.