गोदाघाट: काँक्रीटखाली गेलेली कुंडे

नाशिकचा गोदाघाट नीट पाहायचा असेल तर मार्च ते मे या काळात यावे, तेही सकाळी लवकर आणि बुधवार टाळून. बुधवारी पात्रात बाजार भरतो आणि पालांखाली जमीन दिसत नाही. आणि इथे बघायचे आहे ते जमिनीवरच.

मी अहिल्याबाई होळकर पुलाकडून खाली उतरतो. पुलावर क्षणभर थांबून प्रवाहाची दिशा पाहून घ्यावी. पश्चिमेकडून आलेली गोदावरी इथे दक्षिणेला वळते. घाटाची सगळी रचना त्या वळणावर बेतली आहे. रामकुंड १६९६ मध्ये बांधले गेले, पुढे गोपिकाबाई पेशव्यांनी त्याची दुरुस्ती करवली. त्याच्या वर-खाली कुंडांची रांगच होती: लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अहिल्याबाई कुंड, शारंगपाणी कुंड, दशाश्वमेध, रामगया, पेशवे कुंड, खंडेराव कुंड, ओक कुंड. अशी सतरा प्राचीन कुंडे मोजली जातात. रामकुंडावर दर्शनाला येणाऱ्याला त्यांतली दोन-तीनच ओळखता येतात. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत गर्दीला उभे राहायला जागा हवी म्हणून पात्राचा तळ काँक्रीटने सपाट केला गेला आणि बाकीची कुंडे त्याखाली गेली.

त्यांच्या खुणा मात्र सापडतात. काठच्या दगडी पायऱ्या उतरताना मध्येच काँक्रीटमध्ये शिरून संपल्या, तर पुढे खोली होती असे धरावे. घडीव काळ्या दगडाची सरळ कड पात्रात एकटीच उठलेली दिसली, तर ती बहुधा कुंडाची भिंत असते. शेवाळ फार असते. वाहणा काढून चालू नये, आणि ओल्या उतारावर तर पाऊलच टाकू नये.

या हानीचे मूळ तळात आहे. कुंड नुसते पाणी साठवायला नव्हते. खालच्या काळ्या खडकाच्या भेगांतून झरे येत आणि नदी आटली तरी थोडे पाणी टिके. तळ बंद झाला की झऱ्याची वाट बंद होते आणि मग सगळी भिस्त गंगापूर धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले आणि टँकरने भरावे लागले.

काँक्रीट काढण्याचे काम काही ठिकाणी झाले आहे आणि ते पुढे न्यायलाच हवे, पण घाईने नाही. मोठा ब्रेकर लावला की हादऱ्याने जुन्या चुन्याचे सांधे सुटतात आणि पायऱ्याच निखळतात. आधी वरून येणारे पाणी मातीच्या बांधाने वळवावे, काँक्रीटला कटरने खाचा पाडून लहान तुकडे उचलावेत आणि भिंतीलगतचा शेवटचा पट्टा छिन्नी-हातोड्याने काढावा. गाळ हातानेच काढावा, कारण त्यात मूळ दगड असू शकतात. नंतर कुंड उपसून भिंतीवर खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती चढले ते पाहावे. विहिरीची आवक शेतकरी अशीच तपासतो. चढलेले पाणी प्रयोगशाळेत द्यायला विसरू नये. शेजारून सांडपाणी झिरपत असेल तर तेही झऱ्यासारखेच वर येते.

नदीला मिळणारे ओहोळही असेच दिसेनासे झाले. रामकुंडापाशी मिळणारी अरुणा आता जमिनीखालून येते. गावाच्या बाजूचा सरस्वती नाला सराफ बाजाराखालून वाहतो. जोराच्या पावसात बंदिस्त नाल्याला पाणी पेलत नाही, त्यातच नदी चढलेली असली तर तोंडाशी पाणी अडते आणि उलटून दुकानांत शिरते. इथल्या पुराचे बरेचसे कारण हेच आहे, नुसता पाऊस नव्हे.

खाली दुतोंड्या मारुती लागतो. गावात पूर याच्यावरच मोजतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. समोरच्या काठावर नारोशंकराचे मंदिर. तिथून गाडगे महाराज पुलापर्यंतचा पट्टा सावकाश चालावा. बुजलेल्या कुंडांच्या कडा इथेही शोधाव्यात, आणि पात्रात गाडी उभी करू नये. जून ते सप्टेंबर तर मुळीच नाही, कारण धरणाचा विसर्ग वाढला की तळ थोड्या वेळात पाण्याखाली जातो.