धारूरच्या माळावर गवत कापायचं यंत्र निवडताना

धारूरच्या डोंगरकडेला आमचा नऊ एकर माळ आहे. वडील गेल्यापासून पाच वर्षं तो तसाच पडून होता. मुरमाड जमीन, मध्येमध्ये सीताफळाची जुनी झाडं आणि बाकी नुसतं गवत. मधल्या सपाटीला कुसळी, बांधाकडे मारवेल आणि पवन्या, सगळीकडे घुसलेला तरवड आणि बोराटी. गेल्या भाद्रपदात गवत कमरेला लागत होतं. सीताफळं तोडायला बाया यायला तयार होईनात. त्यांचं काय चुकलं? आमच्या मुरमात फुरसं हा विषारी साप असतो, आणि एवढ्या गवतात तो पाय पडेपर्यंत दिसत नाही.

मजुरांचं तर विचारूच नका. गवत कापणीला येतं त्याच सुमारास, दसऱ्याच्या मागेपुढे, आमच्याकडच्या जोड्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. निम्मं गाव कुलपात. पेटवून दे, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मला ते पटलं नाही. माळ पेटला की सीताफळं होरपळतात, आणि वारं फिरलं तर शेजाऱ्याची कडब्याची गंजीही जाते. म्हणून यंत्र घ्यायचं ठरवलं.

सुरुवातीला मी प्रत्येकाला एकच विचारत होतो: किती एचपीचं घेऊ? आधी मित्राचा टू-स्ट्रोक ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून चालवायचं गवत कापायचं यंत्र, आणला. त्याला नायलॉनचा दोरा होता. कोवळ्या गवतात दोरा छान चालला, पण कुसळीच्या राठ काड्या कटरच्या फिरत्या डोक्याला गुंडाळायच्या आणि दगडाला लागला की दोरा तुटायचा. तासाभरात मी सात-आठ वेळा दोरा ओढला असेल. त्यात पुतण्याने टाकीत साधं पेट्रोल ओतलं, ऑइल न मिसळता. पिस्टन धरला. मित्राला इंजिन नीट करून दिलं आणि घरचं घ्यायचं तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं न लागणारं फोर-स्ट्रोकच, हे तेव्हाच पक्कं झालं.

मग चुलत्यांचा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे भाड्याचा स्लॅशर लावला. खाली जाड लोखंडी थाळी, थाळीच्या कडेला बोल्टवर सैल लटकलेली दोन पाती. थाळी फिरली की पाती बाहेर फेकली जातात, आणि दगड लागला की तुटण्याऐवजी मागे मुडपतात. आमच्या माळाला हेच पाहिजे, असं वाटलं. पहिला पट्टा सुरेख निघाला. दुसऱ्या पट्ट्याला समोर सीताफळाचं झाड आलं, मी क्लच दाबला, आणि ट्रॅक्टर थांबलाच नाही. पाय क्लचवर पूर्ण दाबलेला, तरी गाडी पुढेच चाललेली. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो तेव्हा बंपर खोडाला टेकून थांबला. झाडाची साल वीतभर सोलली. पाय किती तरी वेळ थरथरत होते.

कारण त्याच संध्याकाळी गावातल्या मिस्त्रींनी समजावलं. चुलत्यांचा ट्रॅक्टर जुना, सिंगल क्लचचा, म्हणजे चाकांना आणि मागच्या अवजाराला एकच क्लच. स्लॅशरची थाळी जड असते. क्लच दाबला तरी ती लगेच थांबत नाही, उलट पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या जोडाच्या, दांड्यातून गिअर फिरवत राहते आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलते. त्यावर उपाय म्हणजे ओव्हररनिंग क्लच. तो पीटीओवर बसतो. इंजिनाची ताकद स्लॅशरकडे जाते, पण स्लॅशरची उलटी ताकद ट्रॅक्टरकडे येत नाही. माझ्या मते सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला स्लॅशर लावायचा असेल तर ही वस्तू आधी आणि स्लॅशर नंतर घ्यावा. एक लक्षात ठेवा, ती बसवली की दांड्याची लांबी वाढते. हायड्रॉलिकने स्लॅशर उचलताना दांडा आतल्या आत टेकून जॉइंट मोडू शकतो. आम्हाला दांडा मापाने कापून घ्यावा लागला.

मिस्त्रींनीच मला खरा प्रश्न विचारला. "दादा, एचपीचं ऱ्हाऊ द्या. गवत जनावराला घालायचंय का जाग्यावर कुजवायचंय?"

याचा मी विचारच केला नव्हता. १७ सप्टेंबरला परभणीच्या कृषी विद्यापीठात रबी मेळावा असतो, तिथे गेलो ते हाच प्रश्न डोक्यात ठेवून. फ्लेल मोव्हर गवताचा बारीक चुरा करतो. बागेत आच्छादनाला उत्तम, पण त्यातून वैरण गोळा होत नाही. स्लॅशर ओबडधोबड तुकडे करतो, त्यात माती मिसळते. कात्रीसारखी चालणारी कटर बार गवत बुडातून कापून अख्खं आडवं पाडते. वैरणीला तिच्यासारखं काही नाही, पण आमच्या माळावरच्या दगडांत तिची बोटं, म्हणजे पुढचे लोखंडी दात, टिकली नसती.

परत आल्यावर चुन्याची फक्की घेऊन दोन दिवस माळ पायी फिरलो. जिथे दगड उघडा दिसला तिथे खूण केली. हलणारे दगड बांधावर टाकले, जमिनीत रुतलेल्यांजवळ उंच काठ्या रोवल्या. फिरता फिरता माळाचे आपोआप भाग पडले.

मधला सपाट पाच एकर कुसळीचा. तिथे पाच फुटी स्लॅशर, पुढेमागे साखळ्या लावलेला, कारण साखळ्या नसतील तर खडे गोळीसारखे सुटतात. कापणीची उंची चार बोटं ठेवली. कुसळं टणक व्हायच्या आत हा भाग उरकला. एकदा का कुसळ तयार झालं की मेंढ्यांच्या लोकरीत रुततं आणि तोंडात जखमा करतं, मग त्या गवताला कोणी विचारत नाही.

बांधाकडचा मारवेल आणि पवन्या फुलोऱ्यात असताना कापला, फोर-स्ट्रोक ब्रश कटरला ८० दाती पातं लावून. फुलोरा सरला की काडी राठ होते आणि कस जातो. उजवीकडून डावीकडे झोका दिला की गवत डाव्या हाताला ओळीत पडतं. झाडांखालच्या तरवडाला तीन दाती पातं. ते घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं, म्हणून पुढची उजवी कड खोडाला लागली तर यंत्र झटका देऊन अंगावर उसळतं. डाव्या कडेनेच कापायचं. दोन्ही खांद्यांचा पट्टा, तोंडाला जाळी, पोटऱ्यांना गार्ड आणि आजूबाजूला ५० फुटांत कोणी नाही, यात मी सूट देत नाही, पुतण्यालाही नाही.

अनुदान हवं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हातात येईपर्यंत पावती फाडू नका. आधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही.

सपाट भाग दीड दिवसात झाला, झाडांखालचा आठवडाभर चालला. दसऱ्याआधी बाया सीताफळं तोडायला आल्या. मारवेलाच्या पेंढ्यांची छोटी गंजी लागली, आमच्या दोन देवणी गायींना ती संक्रांतीपर्यंत पुरली. ओढ्याकडचे दोन एकर अजून तसेच आहेत. तिथे मनगटाएवढी वेडी बाभूळ माजली आहे, ते काम स्लॅशरचं नाही. त्यासाठी चेनसॉ बघतोय.